देशांतर

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब आहे, असे आज कोणालाही विचारा. "पंधरा-सोळा तास" असे उत्तर येते. प्रश्न अंतराचा आणि उत्तर वेळेचे, ही विसंगती विचारणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही आणि सांगणाऱ्याच्याही नाही. त्यात नवे असे काही नाही म्हणा. आपले पूर्वजही वाट काळानेच मोजत. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. फौजा आणि यात्रेकरू मजल दरमजल करीत जात ते याच हिशेबाने. घटकाभराची वाट, दिवस मावळेपर्यंतचा पल्ला, हे शब्द अजून खेड्यापाड्यांतून ऐकू येतात. कोस हे त्यातल्या त्यात काटेकोर माप, पण मुलखामुलखाचा कोस निराळा असे, आणि घाटातला एक कोस सपाटीवरच्या दोन कोसांना भारी पडतो हे चालणाऱ्याच्या पायांना ठाऊक होते.

याखेरीज आपल्या भाषेत अंतराचे आणखी एक माप आहे, आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटते. "हाकेच्या अंतरावर" असे आपण म्हणतो. या मापाला कोस लागत नाही की घटका लागत नाही. लागतो एका माणसाचा आवाज आणि दुसऱ्याचा कान. शिवाय या मापात एक कर्तव्य दडलेले आहे. हाक ऐकू आली की ओ द्यावी लागते, हातातले काम टाकून जावे लागते. ऐकू आली नाही तर दोष लागत नाही. रात्री कोणाला साप चावला आणि पलीकडच्या वाडीतला माणूस धावून आला नाही, तर सकाळी त्याला कोणी बोल लावीत नसे. तो हाकेच्या पलीकडे होता, एवढे पुरे होई.

न्यूयॉर्क आता हाकेच्या अंतरावर आले आहे काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. ज्या घरांतून मुलगा किंवा मुलगी परदेशी गेली आहे, आणि आज अशी घरे आमच्या चिपळुणातही गल्लोगल्ली आहेत, त्या घरांत हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नसले तरी तो रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीवर येऊन बसतो.

आधी अंतराचा हिशेब पुरा करू. मी शाळेत भूगोल शिकवते. सातवीच्या मुलांना सपाट नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत रेघ ओढायला सांगितली, की ती पट्टी लावून अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून खुशाल रेघ ओढतात. मग मी त्यांच्या हाती पृथ्वीचा गोल आणि एक दोरा देते. दोरा दोन्ही गावांवर धरून ताणला की तो हट्टाने उत्तरेकडे सरकतो. अफगाणिस्तानावरून, अरल समुद्राच्या पश्चिमेकडून तो रशियात शिरतो, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास निघतो, फिनलंड आणि आइसलंड ओलांडतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ शिवतो आणि कॅनडाच्या किनाऱ्याने न्यूयॉर्कला उतरतो. मुंबईच्या वाटेवर आइसलंड लागते हे पाहून मुले हसतात. ही सर्वांत जवळची वाट सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांची आहे.

परंतु विमान दोऱ्यावरून जात नाही. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहत असतात. ते जाताना तोंडावर येतात आणि परतताना पाठीशी लागतात, म्हणून अमेरिकेहून घरी येणे जाण्यापेक्षा थोडे लवकर होते. (एखाद्या भावड्या कवीला यात बराच अर्थ दिसेल. मला तो दिसत नाही. वाऱ्याला कोणाचे घर कुठे आहे याची पर्वा नसते.) घड्याळाची गंमत आणखी निराळी. थंडीच्या दिवसांत न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे साडेदहा तास असते. मुंबईहून रात्री दीड वाजता निघालेला माणूस सोळा तास बसून तिथे उतरतो तेव्हा त्याच तारखेची सकाळ असते आणि भिंतीवर सात वाजलेले असतात. हाडांना सोळा तास कळतात, पंचांगाला साडेपाच.

आणि वाऱ्याहूनही मोठा अडथळा माणसाचा. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियाने आपले आकाश अमेरिकेच्या व युरोपच्या विमानांना बंद केले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्यावरून जाण्यास मनाई केली. आपणही त्यांना केली. विमाने वळसे घालू लागली, वाटेत तेलासाठी उतरू लागली. पृथ्वी होती तेवढीच राहिली आणि दोन गावे एका रात्रीत एकमेकांपासून लांब गेली. उरलेल्या वाटेविषयी न बोललेले बरे. सहारच्या विमानतळावरून चिपळूण काही अडीचशे किलोमीटरांच्या फार पुढे नाही, पण महामार्गाचे काम, घाट आणि पाऊस यांची कृपा झाली की तेवढ्याला सात-आठ तास लागतात. अर्ध्या पृथ्वीला सोळा तास आणि अर्ध्या कोकणाला आठ!

आता जरा मागे जाऊ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. अठरा वर्षांची मुलगी, बरोबर नवरा नाही, मागे सगळा समाज खवळलेला. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते, पण पोस्टातल्या माणसाच्याही पत्राला बोटीचाच वेग. आनंदीबाईंवर त्या काळी नाही नाही ते आरोप झाले. धर्म बुडवला म्हणाले, संसार टाकला म्हणाले. पण घरी कोणी आजारी पडले आणि त्या आल्या नाहीत, असा आरोप कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. करणार कसा? इकडचे दुखणे पत्राने तिकडे कळेपर्यंत माणूस उठून तरी बसलेला असे, नाही तर त्याचे वर्षश्राद्ध जवळ आलेले असे. पत्रातली बातमी आणि माणूस एकाच बोटीने, एकाच वेगाने जात होती, आणि या एका गोष्टीने दूरच्या माणसाला सगळ्या दोषांतून मोकळे केले होते.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी हा प्रश्न फार बारकाईने पाहिलेला आहे. परदेशी असलेल्या सपिंडाच्या मृत्यूची वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस सुतक पाळावे, दहा दिवसांनंतर कळली तर तीन रात्री, वर्ष उलटून गेल्यावर कळली तर नुसते स्नान, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. मग साहजिकच वाद निघाला की परदेश, म्हणजे शास्त्राच्या भाषेत देशांतर, म्हणायचे कशाला? कोणी म्हणाले, मध्ये महानदी आली किंवा पर्वत आडवा आला किंवा बोली बदलली की देशांतर. कोणी योजने मोजली, आणि त्यांचेही एकमत नव्हते. एकाची साठ, दुसऱ्याची चाळीस, तिसऱ्याची तीस. आणि एका वचनात म्हटले आहे की जिथली वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही ते देशांतर. मला हे शेवटचे लक्षण फार आवडते. नदीला पूल होतो, पर्वतातून बोगदा जातो; पण वार्तेचा वेग हे खरे माप आहे, हे त्या कोणा अनामिकाला ओळखता आले होते.

अर्थात त्यांनी एक अपवाद ठेवला. आईबाप गेले तर मुलाला ही सूट नाही. तो कितीही दूर असो, कितीही उशिरा कळो, कळल्या दिवसापासून त्याने पुरे दहा दिवस सुतक धरावे. दूरपणाने इतर नाती पातळ होतील, हे मान्य. हे नाते होणार नाही. पण शास्त्रकार कठोर होते तरी वेडे नव्हते. मुलाने ऐकल्यावर शोक करावा, एवढेच त्यांनी मागितले. त्याने वेळेवर येऊन पोहोचावे, असे त्यांनी मागितले नाही. ते मागण्याची सोय त्या काळी नव्हती.

ती सोय हळूहळू झाली, आणि दोन हप्त्यांत झाली. हे दोन हप्ते एकदम आले असते तर पुष्कळ दुःख वाचले असते. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतेची वाट आठवड्यांवर आली. परंतु पुढच्याच वर्षी समुद्राच्या तळाने मुंबईपासून लंडनपर्यंत तार पोहोचली, आणि बातमी माणसाला सोडून पुढे धावू लागली. त्या घटकेपासून नवे दुःख जन्माला आले. कळले आहे, आणि जाता येत नाही. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ च्या जूनमध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. तार त्यांच्या हाती पडली. त्यांच्या आणि पुण्याच्या मध्ये समुद्रापेक्षा सरकार आडवे होते हे खरे. पण बोटीवर न बसता येणाऱ्या हजारो साध्या माणसांनीही हातात तारेचा कागद धरून तशाच रात्री काढल्या. आम्हा कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना या तारवाल्याने फार वर्षे पोसले. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा एक हुकमी प्रकरण आमच्या हातचे गेले.

दुसरा हप्ता विमानाचा. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा करीत लंडनला गेले. १९६० साली जेट आले आणि वाट न्यूयॉर्कपर्यंत वाढली. त्यानंतरच्या पिढीत वाट तासांवर आली आणि फोन तर क्षणावर आला. आता हिशेब असा आहे : बातमी एका क्षणात, आणि माणूस दारापासून दारापर्यंत, तिकीट मिळाले तर, सुमारे तीस तासांत.

या तीस तासांचा विचार कोणी केला आहे की नाही, मला ठाऊक नाही. मला तो फार क्रूर आकडा वाटतो. "येणे अशक्य होते" असे म्हणायला तो फार लहान आहे आणि वेळेवर पोहोचायला फार मोठा. मरणाला बहुधा एवढा वेळ लागत नाही. मग पोहोचायचे असेल तर कळायच्या आधी निघावे लागते. हे दुखणे शेवटचे की नुसतेच पावसाळ्याचे, हे डॉक्टर सांगत नाही, आणि साडेबारा हजार किलोमीटरांवरून मुलाने ते ओळखायचे असते. त्याच्याजवळ रजा मोजकी असते, आयत्या वेळचे तिकीट एरवीच्या किती तरी पट असते, व्हिसाच्या शिक्क्यासाठी परत जाताना अडकण्याची धास्ती असते, तिकडे दोन मुलांची शाळा असते. म्हणून तो फोन करतो आणि विचारतो, "आई, निघू का?"

या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे. "नको रे. बरे आहे आता त्यांचे. उगाच कशाला खर्च?" एखाद्या आईने "हो, नीघ" म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. तिने तसे का म्हणावे? आयुष्यभर स्वतःसाठी काही न मागणे हाच गुण म्हणून तिला शिकवला, आणि आता एका शब्दात मुलाची नोकरी, पैसे, सुनेची कुचंबणा एवढे सगळे मागायचे. मुलालाही हे माहीत असते. म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न तो विचारतो, आणि निर्णयाचे ओझे त्या म्हातारीच्या डोक्यावर ठेवतो. विचारण्यात पाप आहे असे मी म्हणणार नाही. पण अठ्ठावन्न दिवसांच्या काळात जे ओझे समुद्र वाहत होता, ते आता आईने वाहावे, हे मला पटत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे न्यू जर्सीत आहे. चार वर्षांपूर्वी एका रात्री त्याचा मला फोन आला. "बाई, जरा आमच्या घरी जाऊन बाबांना बघून येता का? आई खरे सांगत नाही." मी गेले. वडील खाटेवर बसले होते. त्यांनी मला ओळखले, शाळेची चौकशी केली, पण हातातला चहा अर्धा टाकला, आणि दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना थांबावे लागत होते. पायांना सूज होती. आई माझ्याकडे पाहत नव्हती, स्वयंपाकघरात उगाच भांडी लावीत होती. मी त्याला फोनवर जे पाहिले ते सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे निघू का, बाई?" मी म्हटले, "नीघ."

तो आला. अकरा दिवस राहिला. वडील त्या दुखण्यातून उठले, मुलाबरोबर ओटीवर बसून आंब्याच्या हिशेबावरून भांडले, एकदा रिक्षात बसून वाशिष्ठीच्या पुलापर्यंत जाऊन आले. तो परत गेला. त्यानंतर आठ महिन्यांनी ते एका पहाटे झोपेतच गेले. त्या वेळी त्याची रजा संपलेली होती आणि व्हिसाचे कागद सरकारदरबारी होते. अग्नी पुतण्याने दिला.

गावाने काय म्हटले ते सांगायला नको. "विमानाने काय, सोळा तासांचा प्रवास! बापाच्या तोंडात पाणी घालायला आला नाही." त्या अकरा दिवसांचा उल्लेख कोणी केला नाही. आमच्या हिशेबाच्या वहीत आजारी बापाशी आंब्यावरून भांडणे जमेला धरत नाहीत. अग्नी तेवढा धरतात. पूर्वी दिवस मावळायच्या आत उरकत. आता मुलगा निघाला असे कळले की तालुक्याहून बर्फाची पेटी मागवतात आणि दोन दोन दिवस वाट पाहतात. वाट पाहणाऱ्यांत दर थोड्या वेळाने कोणीतरी विचारतो, आता विमान कुठे आले असेल? मी हे विडंबन म्हणून सांगत नाही. मुलाने शेवटचे तोंड पाहावे ही तळमळ खरी आहे, आणि ती पुरी झाल्यावर उमटलेला हंबरडा मी ऐकलेला आहे. पण जो जिवंत असताना पाहायला आला त्याचे पाहणे खोटे कसे ठरते, हे मला कोणी समजावून द्यावे. मी त्या रात्री "नीघ" म्हणाले, आणि पुन्हा तशी रात्र आली तरी तेच म्हणेन.

एखादी गोष्ट शक्य झाली की ती लगेच कर्तव्य ठरते, हे मला मान्य नाही. विमान सुरू झाले म्हणून पुत्रधर्म वाढला, आणि उद्या ते आठ तासांत जाऊ लागले म्हणजे तो दुप्पट होईल, असा धर्म कोणत्या शास्त्रात आहे? उलट दुसरी बाजूही मान्य करायला हवी. "फार लांब आहे हो" ही सबब आता कोणी सांगू नये. येता येत नाही त्याची कारणे रजा, पैसा, व्हिसा, कधी कंटाळा, कधी जुने भांडण, अशी असतात. ती असोत. पण त्यांना अंतराचे नाव देऊन पृथ्वीला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही.

मध्यंतरी एकदा ते जुने देशांतर खरोखरीच परत आले होते. २०२० च्या मार्चमध्ये सरकारने परदेशाची प्रवासी विमाने थांबवली, आणि नियमित वाहतूक पूर्ववत सुरू व्हायला २०२२ चा मार्च उजाडावा लागला. मध्ये खास विमाने होती, पण ती सर्वांना कुठली मिळायला! त्या दिवसांत लोकांनी फोनच्या काचेतून आपल्या माणसाची चिता पाहिली. त्याहून दुःखाचे काय असेल? तरीही मी एक गोष्ट पाहिली ती लिहिते, कारण ती कोणी लिहीत नाही. त्या दिवसांत न आलेल्या मुलाला गावात कोणी नावे ठेवली नाहीत. "बिचारा, काय करील?" असे म्हणत. आणि "निघू का?" हा प्रश्नच नसल्यामुळे आई आणि मुलगा फोनवर दुसऱ्याच गोष्टी बोलत. माझ्या शेजारच्या एका बाईने त्या टाळेबंदीत मुलाला फोनवरून सांदणे करायला शिकवली. त्याला साधली नाहीत, पण रोज संध्याकाळी तासभर दोघे हसत.

माझ्या त्या विद्यार्थ्याची आई आता एकटी असते. नवऱ्याच्या वर्षश्राद्धानंतर तिने मुलाला फोनवर जे सांगितले ते मी समोर बसून ऐकले. "आता पुढे मला 'निघू का' विचारायचे नाही. मी सांगणार नाही, आणि बाईंनाही पाठवायचे नाही. वर्षातून एकदा पंधरा दिवस ये, मी चालती-बोलती असेन तेव्हा. शेवटाला पुतण्या आहे. त्याला मी सांगून ठेवले आहे, पेटीबिटी मागवायची नाही." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तिने त्याला विचारले की येताना कढईला चालेल असा लाकडी चमचा तिकडे मिळतो का. इथले फार लवकर चिरतात.

तो यंदा दिवाळीला येतो आहे. विमान वळशाने येणार असल्यामुळे नेहमीपेक्षा उशीर लागेल, असे त्याने कळवले आहे. सहारला ते धनत्रयोदशीच्या मध्यरात्री उतरते. पुढे महामार्ग मोकळा मिळाला तर नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला तो घरी असेल; नाही तर, ती म्हणाली, पाणी पुन्हा तापवू.